८२ गुण आणि नुसता ‘उत्तीर्ण’

आठवी ‘ब’ला अपूर्णांक अजून जमत नाहीत, असं गणिताच्या शिक्षकाने स्टाफरूममध्ये नुसतं म्हटलं तरी शेजारच्या टेबलावरून दुसरे गणिताचे सर मान वर करतात. त्यांच्या वर्गात काय होतं, कुठल्या उदाहरणाने गाडी पुढे सरकली, हे डबा खाता खाता बोलून होतं. मराठीच्या बाईंना, विज्ञानाच्या सरांना असं कुणी ना कुणी भेटतं. संगणक शिकवणारा मात्र बहुतेक माध्यमिक शाळांत एकटा असतो. त्याच्या वर्गात काय अडलं हे ऐकणारं, समजणारं माणूस त्या इमारतीत नसतं. मी अनेक वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत संगणक शिकवतो आहे. आमच्या प्रशिक्षणांचा विचार करताना मला सगळ्यात आधी हा एकटेपणा आठवतो, कारण प्रशिक्षण आखणाऱ्यांच्या तो क्वचितच ध्यानात येतो.

मुळात आम्ही संगणकाचे शिक्षक म्हणून नेमलेले नसतोच. आमच्या भागातल्या अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत गणित-विज्ञानाचे शिक्षक असतात, भाषेचे असतात. संगणकाचे तास ज्याचा कार्यभार थोडा कमी भरतो त्याच्याकडे येतात. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड. केलं. बी.एड.ला माझ्या अध्यापन पद्धती होत्या विज्ञान आणि गणित. पायथॉन शिकवायची अध्यापन पद्धती कुठे शिकवली जाते हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आमच्या भागात तशी सोयही नव्हती. संगणकाशी ओळख झाली ती एमएस-सीआयटीमुळे, आणि पुढचं आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वरचे मराठीतले धडे बघून रात्री घरी बसून शिकलो. आज जिल्ह्यात माझ्यासारखे अनेक जण आहेत, आणि विषयाबद्दल त्यांना मनापासून ओढ आहे, हे मी खात्रीने सांगतो.

केंद्र सरकारची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना डिसेंबर २००४ मध्ये आली, २०१० मध्ये तिच्यात सुधारणा झाली. त्यातून गावोगावच्या शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या एजन्सीने कक्ष उभारायचा, पाच वर्षं चालवायचा, शिकवणारा माणूसही तिनेच द्यायचा आणि मग सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं, अशी रचना होती. पाच वर्षांनी मशिन शाळेत राहिली, शिकवणारा गेला. आमच्याकडे आलेले निदेशक तुटपुंज्या मानधनावर काम करत होते, तरी मुलांना ते फार आवडायचे. जाताना कुठल्या धड्याला मुलं अडतात, कुठल्या सरावाने सुटतात, हे सगळं ते डोक्यात घेऊन गेले. ते लिहून ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ऐकून घ्यायला कुणी नेमलेलंही नव्हतं. त्या योजनेत मशिनची देखभाल करारात लिहिलेली होती. शिकवण्याची जाण टिकवायची तरतूद मात्र माझ्या पाहण्यात आली नाही.

त्यानंतर संगणक शिक्षक हा शाळेचा ऑनलाइन कामांचा माणूस झाला. सरल पोर्टल, यू-डायस प्लस, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोर्डाचे फॉर्म, आधार पडताळणी, अपार आयडी. तास सुरू असताना शिपाई चिठ्ठी घेऊन येतो, ऑफिसात साइट चालेना म्हणून. मुलं मशिनसमोर थांबतात आणि सर ऑफिसात. या कामांना माझा विरोध नाही, ती कुणीतरी केलीच पाहिजेत. पण त्यामुळे ‘याला संगणक येतो’ आणि ‘याला संगणक शिकवता येतो’ या दोन गोष्टी एकच आहेत असं सगळ्यांना वाटू लागतं. प्रशिक्षणाच्या नियोजनातही तोच गोंधळ उतरतो.

मी केलेली बरीचशी प्रशिक्षणं साधनांची होती. सादरीकरण कसं बनवायचं, क्यूआर कोड कसा तयार करायचा, ऑनलाइन चाचणी कशी घ्यायची. २०२१ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवर ‘निष्ठा २.०’ हे प्रशिक्षण आलं, त्यातही अध्यापनात माहिती तंत्रज्ञान वापरण्याचा एक भाग होता. हे सगळं उपयोगाचं आहे. इतिहासाच्या, भूगोलाच्या शिक्षकांनी ते शिकलंच पाहिजे. पण संगणक वापरून भूगोल शिकवणं आणि मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी मला जिल्हास्तरावरून क्वचितच बोलावणं आलं. आलं तेव्हाही एक तज्ज्ञ प्रोजेक्टरवर प्रोग्रॅम टाइप करत गेले, आम्ही तो उतरवून घेत गेलो, शेवटी प्रमाणपत्रं मिळाली. प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर चालला. सोमवारी वर्गात एका मुलाचा चालला नाही, आणि का चालला नाही हे त्याला कसं दाखवायचं हा माझा खरा प्रश्न होता. तो त्या सभागृहात कुणी विचारलाच नव्हता.

म्हणून आम्ही आजूबाजूच्या शाळांतले संगणक शिकवणारे एकत्र भेटू लागलो. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर कुणा एकाच्या संगणक कक्षात जमायचं. परिपत्रक नाही, भत्ता नाही, ऑन ड्यूटीही नाही. एक नियम मात्र पहिल्यापासून ठेवला: येताना मुलांनी केलेलं काहीतरी आणायचं. वही, प्रिंट, मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो, काहीही. शिक्षकाने केलेलं सादरीकरण चालणार नाही.

त्या बैठकींमधलं एक प्रकरण मी सविस्तर सांगतो, कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यात आहे. नववीला आम्ही पायथॉनमधला ‘इफ’, म्हणजे अट तपासणारी आज्ञा, शिकवताना दहावीच्या निकालाचंच उदाहरण घेतो. ७५ आणि वर विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय, ३५ पासून उत्तीर्ण. मुलांना हे आकडे पाठ असतात, घरी रोज ऐकलेले असतात. एका मॅडमनी त्यांच्या वर्गातल्या मुलीचा प्रोग्रॅम आणला होता. तिने चार स्वतंत्र ‘इफ’ लिहिले होते, वरून खाली ७५, ६०, ४५, ३५ या क्रमाने. प्रत्येक ‘इफ’च्या पोटात ‘श्रेणी’ या एकाच व्हेरिएबलमध्ये त्या त्या श्रेणीचं नाव भरायचं. सगळ्यात शेवटी ‘श्रेणी’ छापायची. मुलीने ८२ गुण टाकले आणि पडद्यावर आलं: उत्तीर्ण.

कारण सरळ आहे. ८२ हे ७५ पेक्षा जास्त, म्हणून ‘श्रेणी’त विशेष प्रावीण्य गेलं. मग मशिन पुढच्या ओळीवर आलं. ८२ हे ६० पेक्षाही जास्त, म्हणून त्याच जागी प्रथम श्रेणी आलं. मग द्वितीय, मग उत्तीर्ण. शेवटी जे उरलं ते छापलं गेलं. आमच्यातल्या एका सरांनी लगेच सांगितलं, “मॅडम, एलिफ शिकवा, संपलं.” एलिफ लावला की पहिली अट खरी ठरल्यावर मशिन बाकीच्या अटी बघतच नाही. मॅडम म्हणाल्या, “ते मी केलं सर. पण मुलगी काय म्हणाली ते ऐका. ती म्हणाली, बाई, एकदा प्रावीण्य मिळाल्यावर संगणक पुढे कशाला बघेल?”

त्या वाक्याने बैठकीचा रोख बदलला. मुलीला एलिफ माहीत नव्हता हा मुद्दाच नव्हता. मशिनला आपला हेतू कळतो असं तिला वाटत होतं. निकाल लावताना माणूस जसा पहिल्या लागू पडणाऱ्या श्रेणीपाशी थांबतो तसं मशिनही थांबेल, हा तिचा समज होता. या समजाचा अभ्यास फार पूर्वीच झाला आहे. रॉय पी या अमेरिकन संशोधकाने १९८६ मध्ये त्यावर लिहिलं. मशिनच्या आत कुठेतरी समजूतदार मन दडलेलं आहे असं नवशिका धरून चालतो, आणि त्याच्या कितीतरी चुका या एका समजातून निघतात, असं त्याचं म्हणणं. त्या खोलीतल्या कुणालाही कुठल्याच प्रशिक्षणात हे सांगितलं गेलं नव्हतं.

आम्ही ठरवलं की प्रत्येकाने आपापल्या वर्गात हाच प्रश्न द्यायचा आणि मुलांनी लिहिलेलं पुढच्या वेळी आणायचं. जे हाती आलं त्याने आम्ही चकित झालो. काही मुलांनी तेच चार ‘इफ’ उलट्या क्रमाने लिहिले होते: आधी ३५, मग ४५, ६०, ७५. यात ८२ टाकले तर उत्तर बरोबर येतं, कारण शेवटचं जे लिहिलं जातं ते विशेष प्रावीण्य. या मुलांना पूर्ण गुण मिळाले होते. एका शाळेत अशा एका मुलाला सरांनी विचारलं, पहिल्या आणि शेवटच्या ‘इफ’ची अदलाबदल केली तर काय होईल? मुलगा म्हणाला, “काही फरक नाही पडणार सर, अटी त्याच आहेत ना.” म्हणजे त्याचा समज त्या मुलीसारखाच होता. एकीचं उत्तर चुकलं, दुसऱ्याचं योगायोगाने बरोबर आलं.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. ज्यांनी उलट्या क्रमाने लिहिलं होतं त्यांना एका वर्गात एलिफ शिकवला गेला. त्यांनी आपल्या बरोबर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘इफ’च्या जागी एलिफ घातले, आणि आता त्यांच्याकडे ८२ ला ‘उत्तीर्ण’ येऊ लागलं. पहिलीच अट ३५ ची. ती खरी ठरली आणि मशिन तिथेच थांबलं. जो उपाय एका मुलीला सोडवत होता त्यानेच दुसऱ्या मुलांचा चालता प्रोग्रॅम बिघडला. आमच्यातल्या एक मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडे सी प्लस प्लस आहे, ८०८५ मायक्रोप्रोसेसर आहे, विषय त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा कितीतरी खोल येतो. त्या म्हणाल्या, “अकरावीत येणाऱ्या मुलांचं नेमकं इथेच अडतं. आजवर मला ते वाक्यरचनेचं दुखणं वाटत होतं.”

मग उपाय काय करायचा यावर बराच वेळ चर्चा झाली. कुणी म्हणालं ट्रेस टेबल करून घ्या: कागदावर प्रत्येक ओळीनंतर व्हेरिएबलमध्ये काय आहे ते मुलांनी लिहायचं. कुणी म्हणालं, आधी मशिनला हात लावू देऊ नका, काय छापलं जाईल याचा अंदाज वहीत लिहून घ्या. इंग्लंडमधल्या स्यू सेंटन्स यांनी रुळवलेली ‘प्रिम’ ही रीत अशीच आहे: आधी अंदाज, मग चालवणं, मग तपासणं, मग थोडा बदल आणि शेवटी स्वतःचं काही करणं. एका सरांनी वेगळंच केलं. चार मुलं ओळीने उभी केली, प्रत्येकाच्या हातात एक अट. पाचव्या मुलाच्या हातात पाटी, तिच्यावर लिहिलेलं ‘श्रेणी’. तो प्रत्येकासमोरून जायचा. अट खरी असेल तर त्या मुलाने पाटी पुसायची आणि आपली श्रेणी लिहायची. पाटी पुसली जाताना बघितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “अहो सर, त्याचं प्रावीण्य गेलं!” वीज गेलेली असताना झालेला हा तास होता. मशिनशिवाय संगणकाच्या कल्पना शिकवायची वाट न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीएस अनप्लग्ड’ म्हणून कधीच घालून दिली आहे. एसीएम इंडियाच्या २०१६ पासून सुरू असलेल्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमातही त्या वाटेचे धडे आहेत. आम्हाला त्या वाटेची खरी किंमत या पाटीमुळे कळली.

ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्येच मांडलं होतं की विषयाचं ज्ञान एक आणि सर्वसाधारण अध्यापनकौशल्य दुसरं. या दोन्हींशिवाय शिक्षकाकडे तिसरं एक ज्ञान असतं: हा विशिष्ट विषय मुलांना कसा दिसतो, कुठे चुकीचा दिसतो, कुठल्या उदाहरणाने उलगडतो. गणितात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठत आलं आहे. हातचा विसरणारी मुलं कुठे चुकतात हे नवख्या शिक्षकालाही कुणीतरी सांगतं. शाळेतलं प्रोग्रॅमिंग आपल्याकडे इतकं नवं आहे की हा साठा अजून व्हायचा आहे. तो वर्गातच होणार, आणि एकमेकांना सांगितला तरच टिकणार. संगणक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं मुख्य काम हेच असलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअरची ओळख त्यानंतर.

आमच्या ऑनलाइन कामांमधूनही कधी कधी धडा निघाला. आधार पडताळणीत एका मुलाचं नाव जुळत नव्हतं. कांबळे हे आडनाव शाळेच्या नोंदीत इंग्रजीत एका तऱ्हेने आणि कार्डावर एक ‘ए’ जास्त घालून. एका मॅडमनी हे प्रकरण नाव-गाव काढून वर्गात नेलं: माणसाला एकच वाटणारी दोन नावं मशिनला वेगळी का वाटतात? त्यातून अक्षर-अक्षर तुलना आली, मोकळी जागा हेही एक अक्षरच आहे हे आलं. मग आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा आधीच्या ११ अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो, हेही आलं. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर व्हरहूफ पद्धतीने ते तिथल्या तिथे पकडता येतं. नववीची मुलं त्या दिवशी तास संपल्यावर उठायला तयार नव्हती. घरी जाऊन आजीला हे समजावून सांगितल्याचं दुसऱ्या दिवशी एकीने सांगितलं.

संगणक शिक्षकांना तयार करण्याचं काम केरळने आपल्या आधी आणि जास्त विचाराने केलं. ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प तिथे २००१ मध्ये सुरू झाला, २०१७ मध्ये त्याचं ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झालं आणि २०१८ पासून हायस्कुलांत मुलांचे ‘लिटल काइट्स’ गट आहेत. दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर धरलं, त्यामुळे शिकवण्याचं साहित्य कुणा एका कंपनीच्या परवान्यावर अवलंबून राहिलं नाही. आणि त्यांचे मास्टर ट्रेनर शाळांतून आलेले शिक्षक होते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून ‘कॉम्प्युटिंग’ हा विषय नव्या अभ्यासक्रमासह आला, पण ‘कॉम्प्युटिंग ॲट स्कूल’ या गटाने शिक्षकांना आणि विद्यापीठातल्या लोकांना त्याआधी, २००८ पासूनच एकत्र आणायला सुरुवात केली होती. सरकारी पैसा मोठ्या प्रमाणात नंतर आला, भेटणारी माणसं आधीपासून होती.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पूर्व माध्यमिक टप्प्यापासून कोडिंग आणायचं म्हटलं आहे, आणि शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असंही. हे ५० तास कशाचे धरायचे यावर पुष्कळ अवलंबून आहे. ते फक्त व्हिडिओ आणि त्याखालच्या प्रश्नांचे धरले तर आमच्या एकट्या शिक्षकाला आणखी एक पडदा मिळेल. शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांनी मुलांचं काम समोर ठेवून केलेली चर्चा त्यात मोजली गेली, तिला ऑन ड्यूटी मिळाली, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून (डाएट) कुणी येऊन नुसतं ऐकलं आणि टिपून ठेवलं, तर दोन-तीन वर्षांत प्रत्येक जिल्ह्याकडे स्वतःचा साठा तयार होईल. त्याला मोठा खर्च लागत नाही. शाळांच्या केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदा प्राथमिकला नियमित होतातच. माध्यमिकच्या संगणक शिक्षकांसाठी तालुक्यात एक दिवस ठरवणं अवघड नाही. आम्ही हे लेखी दिलं आहे आणि देत राहणार आहोत.

सध्या बोलावणी येतात ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यशाळांची. तिथेही पुन्हा साधन दाखवलं जातं: असा प्रश्न टाका, असा पाठ तयार होतो. मुलं तर आमच्या आधी तिथे पोहोचली आहेत. नववीतला मुलगा चॅटबॉटकडून आणलेला, नीट समास सोडलेला, एकही चूक नसलेला प्रोग्रॅम दाखवतो. त्याला ओरडून काही साधत नाही. आम्ही त्याच प्रोग्रॅमची प्रिंट काढतो, दोन ओळींची अदलाबदल करतो आणि विचारतो: आता काय छापलं जाईल, आणि का? ज्याला ‘श्रेणी’ची पाटी कळली आहे तो उत्तर देतो. ज्याला कळलेली नाही त्याच्यासोबत बसावं लागतं, आणि बसण्यासाठी नेमकं काय विचारायचं ते शिक्षकाला माहीत असावं लागतं. मशिनच्या आत समजूतदार मन आहे हा जुना समज तर या नव्या साधनाने कितीतरी पट घट्ट केला आहे. बोलणारं मशिन समोर असताना आठवीच्या मुलाला ‘ते तुझा हेतू जाणत नाही’ हे कसं पटवायचं, यावर आमच्या गटात अजून एकमत नाही.

दुसरा वाद आठवीच्या सुरुवातीचा आहे. काही जणांचं म्हणणं, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या स्क्रॅचनेच सुरुवात करावी, त्यात टायपिंगच्या चुका होत नाहीत, मुलांचं लक्ष विचारावर राहतं. दुसऱ्यांचं म्हणणं, थेट पायथॉन घ्यावं, पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला ‘गुण’, ‘श्रेणी’ अशी देवनागरी नावं देता येतात आणि मुलांना एकदाच एक भाषा शिकावी लागते. मी स्क्रॅचच्या बाजूचा आहे. येत्या जूनपासून निम्म्या शाळा स्क्रॅच घेतील, निम्म्या पायथॉन. निकालाचा तोच प्रश्न दोन्हीकडे दिला जाईल, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांच्या वह्या एका टेबलावर आणायच्या असं ठरलं आहे.